बरवासागरच्या काठी एक डबा

झाशीहून खजुराहोच्या रस्त्याने निघाले, ओरछ्याचा फाटा उजव्या हाताला सोडला आणि बेतवा ओलांडली, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरांवर बरवासागर लागते. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने इ. स. १७०५ ते १७३७ या काळात दगडी बांध घालून जो तलाव निर्माण केला, त्याच्याच नावाने हे गाव ओळखले जाते. पाऊण मैलाच्या आसपास लांबीचा तो बांध, पाण्यातून वर आलेली झाडीने भरलेली दोन खडकाळ बेटे, त्याच राजाने उभारलेला किल्ला आणि गावाच्या पाठीशी असलेली खडकांची रांग, एवढा ऐवज एका नजरेच्या टप्प्यात सामावलेला असा दुसरा मुलूख झाशीच्या आसपास मला तरी ठाऊक नाही. आम्हा मराठी मंडळींना या गावाचे आणखीही एक अगत्य आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीत येऊन राहिले होते, आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात, चोरांचा उपद्रव मोडण्यासाठी राणी लक्ष्मीबाई स्वतः बरवासागरला जाऊन राहिल्याची हकीकत आली आहे.

असे असूनही बरवासागरला जाणारा सामान्य प्रवासी तेथे काय करतो, हे पाहिले म्हणजे वाईट वाटते. तो बांधावर येतो, पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढून घेतो, बाजारात मिळालेच तर तेथले नावाजलेले आले विकत घेतो, आणि अर्ध्या तासात परततो. बांधाच्या टोकापासून पुढे जाणारी पायवाट, पळसाच्या व मोहाच्या विरळ झाडीतून वर चढणारा खडकाळ उतार, पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे काठ, यांपैकी काहीच त्याच्या दृष्टीस पडत नाही. त्याच्या ठायी जिज्ञासा नसते असे मी म्हणणार नाही. परंतु जिज्ञासेला पाय फुटण्यासाठी काहीतरी निमित्त लागते आणि ते त्याला कोणी दिलेले नसते. असे निमित्त देणारा, फारसा खर्च नसलेला, आबालवृद्धांना झेपणारा एक छंद इंग्लंडात दीडशेहून अधिक वर्षे नांदत आहे. त्याला तिकडे लेटरबॉक्सिंग म्हणतात. आपल्या भागात तो रुजावा अशी माझी मनापासून इच्छा असल्यामुळे त्याचा तपशील येथे जरा विस्ताराने देतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा सुमारे ९५० चौरस किलोमीटरांचा उंच, उघडा, वाऱ्याने झोडपलेला माळ आहे. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी पांथस्थांना या माळाच्या उत्तर भागातील क्रॅनमियर पूल नावाच्या अत्यंत दुर्गम, दलदलीने वेढलेल्या जागी नेत असे. इतकी पायपीट करून आलेल्या माणसाला आपण येऊन गेल्याची काही खूण मागे ठेवावीशी वाटणारच, हे त्या अनुभवी वाटाड्याने ओळखले आणि १८५४ साली तेथे एक बाटली ठेवून, येणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे अशी तजवीज केली. पुढे बाटलीच्या जागी डबा आला, १९०५ साली डब्यात वही आली आणि १९०७ साली रबरी शिक्का आला. मधल्या काळात आणखी एक मोठी रम्य प्रथा पडली होती: आलेला माणूस स्वतःच्या किंवा आप्तेष्टाच्या पत्त्याचे टपाल तिकीट लावलेले पत्र त्या डब्यात ठेवी, आणि त्यानंतर येणारा, मग तो दुसऱ्या दिवशी येवो की दोन महिन्यांनी, ते पत्र उचलून आपल्या गावच्या टपालपेटीत टाकी. अनोळखी माणसाच्या सौजन्यावर इतका निःशंक विश्वास टाकणारी टपालव्यवस्था जगात विरळाच.

कित्येक दशके हे डबे बोटांवर मोजण्याइतकेच होते. १९७० नंतर मात्र हा छंद एकाएकी फोफावला, डब्यांची संख्या हजारांत गेली, आणि गॉडफ्री स्विन्स्को या गृहस्थांच्या पुढाकाराने, शंभर डबे शोधलेल्यांचे एक मंडळही स्थापन झाले. १९९८ साली अमेरिकेतील ‘स्मिथसोनियन’ मासिकात यावर लेख आला आणि छंद समुद्रापलीकडे गेला. माळावरचा हा खेळ तेथे अरण्यांतून, उद्यानांतून आणि जलाशयांच्या काठांवरून लहान मुलांना हाताशी धरून चालणाऱ्या कुटुंबांचा झाला.

खेळाची रीत अगदी सोपी आहे. एकजण पाणी न शिरणारा लहान डबा घेतो, त्यात स्वतः कोरलेला एक शिक्का व एक कोरी वही ठेवतो, तो डबा झाडाच्या मुळाशी किंवा सुट्या दगडांच्या आड लपवतो, आणि तेथवर कसे पोहोचावे हे सांगणारा सूचक मजकूर लिहून तो इतरांच्या हाती देतो. शोधणाऱ्याजवळ त्याचा स्वतःचा शिक्का, स्वतःची वही, शाईची गादी आणि शक्य तर एक होकायंत्र असते. डबा सापडला म्हणजे तो डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवतो, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवतो, दिनांक घालतो, हवापाण्याविषयी किंवा वाटेत दिसलेल्या पक्ष्याविषयी दोन ओळी लिहितो, आणि डबा होता तसाच, होता तेथेच, पुन्हा झाकून ठेवतो. त्याला तेथून न्यायचे काहीच नसते. बक्षीस नाही, चढाओढ नाही, पंच नाही. याच कुळातला एक नवा खेळ उपग्रहांच्या साहाय्याने खेळला जातो. २००० सालच्या मे महिन्यात, नागरिकांना मिळणाऱ्या उपग्रहसंकेतांतील मुद्दाम ठेवलेली अशुद्धी अमेरिकेने काढून टाकताच दुसऱ्याच दिवशी तेथील ऑरेगॉन राज्यात त्याचा पहिला डबा ठेवला गेला. त्या खेळात अक्षांश-रेखांश मिळतात आणि हातातले यंत्र माणसाला नेमक्या जागी नेऊन उभे करते. मला अधिक मोलाचा वाटतो तो जुना प्रकार, कारण त्यात वाट यंत्राला विचारायची नसून भूमीला विचारायची असते.

डार्टमूर आणि बुंदेलखंड या दोन प्रदेशांत हवेचे, हिरवळीचे आणि इतिहासाचे काही साम्य नाही, परंतु पायांखालचा पाषाण मात्र एकाच जातीचा आहे. दोन्ही ग्रॅनाइटचे मुलूख. डार्टमूरचा ग्रॅनाइट सुमारे २८ कोटी वर्षांचा, तर आपला जवळजवळ २५० कोटी वर्षांचा, म्हणजे भारतातील अतिप्राचीन पाषाणांपैकी एक. ग्रॅनाइट झिजतो तो गोल गोल होत, आणि झिजता झिजता एकावर एक रचल्यासारखे प्रचंड धोंडे, त्यांच्यामधल्या कपारी, मुद्दाम कोणी ठेवल्यासारखी सपाट आसने मागे ठेवून जातो; लपवण्याच्या खेळाला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण. शिवाय बुंदेलखंडाला निसर्गाने आणखी एक देणगी दिली आहे. ग्रॅनाइटच्या भेगांतून शिरलेल्या गारगोटीच्या पांढुरक्या भिंती येथे ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने मैलोन्‌मैल सरळ गेलेल्या आहेत. भोवतालचा खडक झिजून खाली गेला तरी या भिंती टेकड्यांच्या रांगा होऊन उभ्या राहिल्या, आणि जुन्या राजांनी त्यांतल्या खिंडी बुजवून अनेक तलाव बांधले. ज्याला ही रांग ओळखता येते, त्याला खिशात होकायंत्र नसले तरी दिशाभूल होण्याचे भय नाही. डार्टमूरवरही १८९८ साली प्लिमथ शहराच्या पाण्यासाठी बांधलेला बरेटर नावाचा जलाशय आहे, त्याच्या भोवती राई आहे, आणि उंच माळावरची दलदल ज्यांना झेपत नाही असे वृद्ध व मुले त्याच्या काठच्या सोप्या वाटांवरून फिरतात. बरवासागर हे आपले बरेटर व्हावयास काय हरकत आहे?

परंतु हा छंद आपल्याकडे यावा असे मला वाटते त्याचे खरे कारण केवळ चालण्याच्या आनंदात नाही. ओरछ्याच्या महालांत जाऊन पाहावे. ज्या भिंतींवर बुंदेला चितारींनी रामायणातले प्रसंग रंगवले, त्याच भिंतींवर हात पोहोचेल तेथवर खिळ्याने, चावीने, कोळशाने कोरलेली नावे आहेत. कोणाचे गाव, कोणाचे वर्ष, कोणाच्या प्रीतीची जोडाक्षरे. झाशीपासून बरवासागरला जाताना वाटेत लागणाऱ्या जराई मठासारख्या प्रतिहारकालीन मंदिरापुढे उभे राहून ज्याने एकदा तरी शिल्पकाराच्या छिन्नीचा आणि उपटसुंभाच्या चावीचा ओरखडा एकाच दगडावर पाहिला असेल, त्याला माझ्या मनातला संताप समजावून सांगावा लागणार नाही. संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्याला १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा असावाच. पण प्रत्येक भिंतीपाशी पहारेकरी उभा करता येत नाही, आणि ज्या प्रेरणेतून हे ओरखडे उमटतात ती प्रेरणा पहाऱ्याने मरत नाही, हेही तितकेच खरे.

ती प्रेरणा मूळची दुष्ट नाही. ‘मी येथे आलो होतो’ हे कोणाला तरी सांगावे, आपल्यामागून येणाऱ्याला आपले नाव वाचायला मिळावे, ही माणसाची फार जुनी भूक आहे, आणि आपल्या पूर्वजांनी तिच्यासाठी उत्तम व्यवस्था करून ठेवलेली होती. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया, काशी येथील क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटेल. यात्रेकरू आला म्हणजे उपाध्ये गाव व कुळ विचारून आपले बाड उघडीत, त्याच घराण्यातला पूर्वी आलेला पुरुष शोधून काढीत, आणि मग नव्याने आलेला त्या नोंदीखाली आपले नाव, बरोबरची माणसे, तिथी व शक लिहून सही करी. कोठे मोडीचे धावते फराटे, कोठे बाळबोध, कोठे नुसती एखादी निशाणी; शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या पणजोबांचे हस्ताक्षर परक्या गावी परक्या माणसाच्या दफ्तरात अवचित समोर येते तेव्हा भल्याभल्यांचा कंठ दाटतो. तीर्थाच्या पायऱ्यांवर नाव कोरण्याची गरजच त्या यात्रेकरूला उरत नसे, कारण त्याचे नाव योग्य जागी, योग्य हातांत, वाचणारा कोणीतरी आहे या खात्रीने लिहिले गेलेले असे.

दगडाआड लपवलेल्या डब्यातली वही हीच सोय पुन्हा उपलब्ध करून देते. जो मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी स्वतःचा शिक्का कोरून, तीन तास शोधून, तो एका वहीत उमटवून आला आहे आणि आपल्या आधी आलेल्यांचे शिक्के ज्याने डोळे भरून पाहिले आहेत, तो विसाव्या वर्षी ओरछ्याच्या जहांगीर महालाच्या भिंतीवर चावी चालवील असे मला वाटत नाही. माझा हा विश्वास कोणाला भाबडा वाटेल; तरी मी तो बाळगून आहे.

शिक्क्याच्या बाबतीत तर आपण मराठी माणसे परंपरेने श्रीमंत आहोत. आपल्या जुन्या कागदांवर आरंभी शिक्का आणि मजकूर संपला तेथे मोर्तब अशी दुहेरी खूण होई, आणि प्रत्येक अधिकाऱ्याची मुद्रा निराळी असे. या छंदातही बाजारातून आणलेला शिक्का निषिद्ध नाही, पण हाताने कोरलेल्याची सर त्याला नाही. साधा मोठा खोडरबर, एक धारदार लहान सुरी आणि लाकडावर नक्षी करणारे वापरतात तशी बारीक पन्हाळीदार छिन्नी एवढ्यावर काम भागते. पातळ कागदावर मऊ शिसपेन्सिलीने चित्र काढावे, तो कागद खोडरबरावर पालथा दाबावा आणि पाठीवरून नखाने सावकाश घासावे. शिसे रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटे होते, म्हणजे उमटवल्यावर ते सुलटे दिसते. अक्षरे कोरणाऱ्याने हे विसरू नये, कारण शिरोरेघेची देवनागरी उलटी कोरणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. जेथे शाई लागू नये तेथले रबर काढून टाकायचे आणि रेघ उंच ठेवायची. मात्र रेघेच्या दोन्ही बाजू सरळ खाली कापू नयेत. सुरी किंचित बाहेर कलती धरावी, म्हणजे रेघेचा पाया तिच्या माथ्यापेक्षा रुंद राहतो आणि दाब पडला तरी ती लवत नाही. पहिला ठसा नेहमी डागाळलेला येतो. तो पाहून, जेथे नको तेथे शाई लागली असेल तेवढे पुन्हा खरवडावे. शाई मात्र ओलाव्याने न पसरणारी निवडावी, नाहीतर एका पावसाळ्यात वहीतले सारे ठसे निळ्या धुक्यासारखे होतात.

चित्र कशाचे असावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. बरवासागरच्या डब्यात मला पळसाचे त्रिदल आवडेल, किंवा तलावातली ती दोन बेटे.

डब्याकडे नेणारा मजकूर लिहिणे ही स्वतंत्र कला आहे. तो इतका उघड नसावा की वाचणाऱ्याला मान वर करण्याचीही गरज पडू नये, आणि इतका गूढही नसावा की दमलेली मुले रडकुंडीला यावीत. उत्तम मजकूर तो, जो शोधणाऱ्याला थांबून पाहावयास लावतो. नमुन्यादाखल सांगायचे तर, ‘बांधावर अशा जागी उभे राहा की किल्ल्याचा बुरूज आणि बेटावरील सर्वांत उंच झाड एका रेषेत येतील, तेथून पाण्याकडे पाठ करून, ज्या झाडाच्या एकाच देठाला तीन पाने आहेत त्याच्याकडे चाला, त्यानंतर पांढरी गारगोटी काळ्या धोंड्याला जेथे छेदते तेथून पूर्वेस चाळीस पावले मोजा’ अशा तऱ्हेचा. यातल्या प्रत्येक वाक्याने वाचणाऱ्याला काहीतरी शिकवले आहे: दोन खुणा एका रेषेत आणून स्वतःची जागा निश्चित करणे, पळस ओळखणे, कोणता खडक आधीचा आणि कोणता नंतरचा हे एकाने दुसऱ्याला छेदण्यावरून ताडणे. पावलांचे मात्र ध्यानात ठेवावे की लिहिणाऱ्याचे पाऊल आणि आठ वर्षांच्या मुलीचे पाऊल सारखे नसते; म्हणून शेवटची खूण नेहमी डोळ्यांनी ओळखता येण्याजोगी द्यावी. आणि झाड खुणेला घ्यावयाचे तर जुने, डेरेदार, कोणी सरपणासाठी तोडणार नाही असे घ्यावे.

काही बंधने कसोशीने पाळली पाहिजेत. तलावाच्या बांधातला एकही दगड डब्यासाठी हलवू नये, कारण जवळजवळ तीन शतके पाण्याचा भार सोसणाऱ्या त्या बांधणीत कोणता दगड कोणाला तोलून धरतो हे आपल्याला दिसत नाही. मंदिर, किल्ला, छत्री यांच्या आवारात डबा नको. ओरछ्याच्या अभयारण्यातही, जेथे बेतवा आणि जामनी यांच्या मधल्या वनातून फार सुंदर वाटा आहेत, परवानगीवाचून काहीही ठेवू नये. तेथे वन्यजीवांचा हक्क पहिला. तलाव ज्या खात्याच्या अखत्यारीत आहे त्याची पूर्वसंमती घ्यावी आणि जवळच्या पोलीस चौकीतही वर्दी देऊन ठेवावी, कारण बेवारस डबा पाहून कोणी भयभीत झाले तर त्यात त्याचा दोष नाही. डबा पारदर्शक असावा, आणि त्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत, हा खेळाचा डबा आहे, पाहून पुन्हा येथेच ठेवा, असे लिहिलेले असावे. बरवासागरच्या गुराख्यांना तो आधीच दाखवून ठेवला तर तेच त्याचे उत्तम राखणदार होतील. खाण्याची वस्तू डब्यात ठेवली की माकडे तो उघडल्याशिवाय राहत नाहीत. कपारीत हात घालण्यापूर्वी काठीने दगड हलवून पाहावा, कारण विंचू आणि साप यांनाही ग्रॅनाइटच्या त्याच कपारी आवडतात. वैशाख-ज्येष्ठात तर या वाटेला जाऊच नये. तेव्हा झाशीचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारचा खडक अक्षरशः भाजून काढतो.

ज्याने डबा ठेवला त्याने त्याचा सांभाळ करणे हा या छंदाचा अलिखित करार आहे. आषाढाच्या आरंभी डबा घरी आणावा, वहीला ऊन देऊन ती कपाटात ठेवावी, झाकणाची रबरी कडी तपासावी आणि कोरड्या कापडात शिक्का गुंडाळून ठेवावा. वही भरली म्हणजे ती रद्दीत न टाकता झाशीतल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करावी आणि डब्यात दुसरी ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत मुले मोकळी असतात, तलाव भरलेला असतो, आणि कार्तिकाच्या सुरुवातीला वाटेवरचे गवत वाळून पाऊल कोठे पडते ते दिसू लागते. पहिला डबा ठेवण्यासाठी तोच पंधरवडा धरावा, आणि त्याचा शिक्का कोरण्याचे काम भाद्रपदातच, पावसाने घरी बसवलेल्या मुलांच्या हाती द्यावे.